पंधरावं घर

आंध्रातल्या आदिलाबाद जिल्ह्यात बेल्याच्या पुढे, जिथे महाराष्ट्राची हद्द नुसत्या एका नाल्यावरून कळते, अशा एका गावात मी दहा-बारा वर्षं मराठी शाळेत शिकवलं. माझं गाव त्याच जिल्ह्यातलं, मुधोळकडचं. वडील दुसऱ्याच्या शेतात सालाने राबले आणि मला मात्र त्यांनी खुरपं हातात धरू दिलं नाही. ते गेले, मागोमाग आई गेली, भावाचा संसार वाढला. माझ्या लग्नाचं दोन-तीनदा बोलणं झालं आणि मोडलं. नंतर कुणी तो विषय काढला नाही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हा नोकरीची ऑर्डर हातात पडली. ती तेलुगूत होती, पोस्टमास्तरांकडून वाचून घेतली. एक पेटी, एक वळकटी आणि पितळी पंपाचा स्टो घेऊन मी बसने निघाले.

आम्हा बौद्धांची वस्ती गावाबाहेर नाल्याच्या अंगाला होती. मी तिथे राहायला तयार होते, पण तिथली घरं तिथल्या माणसांनाच पुरत नव्हती. शाळेजवळच्या एका गल्लीत, अगदी तोंडालाच, एका व्यापाऱ्याचं जुनं दुकान बंद पडलेलं होतं. व्यापारी आदिलाबादला राहायचा. दर महिन्याला भाडं मिळणार म्हटल्यावर त्याने बाकी काही विचारलं नाही. पुढे उंच फरशीचा ओटा, आत एक लांबट खोली, मागे मोरी. दुकानाच्या फळ्या अजून भिंतीला होत्या. त्यांवर मी पुस्तकं लावली, आणि समोर दिसेल अशी बुद्धाची तसबीर.

गल्ली कापूस-ज्वारीवाल्या शेतकऱ्यांची. लोक वाईट नव्हते. मला कुणी कधी वेडंवाकडं बोललं नाही. रस्त्यात भेटले की 'नमस्कार बाई' म्हणत, मुलाच्या अभ्यासाचं विचारत. पण माझ्या ओट्याची पायरी कुणी चढत नव्हतं, आणि मला कुणी 'या, बसा' म्हणत नव्हतं. रविवारी वस्तीत वंदनेला जायची. तिथे लोक मान द्यायचे, सतरंजी झटकून द्यायचे. पण तिथेही मी नोकरीवाली मॅडम होते. बायका माझ्यासमोर मोकळ्या बोलत नसत.

शाळा सुटली की माझं त्या दिवसाचं बोलणं संपायचं. घरी येऊन स्टो पेटवायचा. तो पेटला की फरफर मोठा आवाज करायचा, आणि तेवढा वेळ घरात काहीतरी चाललंय असं वाटायचं. भात झाला, स्टोची हवा सोडली की एकदम सगळं थांबायचं. मग भांड्याला चमचा लागल्याचासुद्धा आवाज मोठा वाटायचा. कधी कधी मी भात झाल्यावरही उगीच पाणी तापवायला ठेवायची.

जळणाच्या बाबतीत गल्लीत सगळ्यांची सोय होती, माझीच नव्हती. कापूस निघाला की लोक शेतातल्या पऱ्हाट्या बैलगाडीत भरून आणत. प्रत्येक घरामागे वर्षभराचा ढीग. मला शेत नाही, म्हणून पऱ्हाटी नाही. राकेल कंट्रोलच्या दुकानातून मिळे, तेही आलं तर. आठ-आठ दिवस आलं नाही की मी दूध आणि फुटाण्यांवर काढायची. शेजारी मागितलं असतं तर कुणी एक भारा टाकलाही असता. पण मागायला जायचं म्हणजे कुणाच्या तरी दारात उभं राहायचं, आणि त्यांना 'आत या' म्हणावं की नाही या पेचात टाकायचं. ते मला नको होतं.

गल्लीत दोन-तीन घरांत आदिलाबादहून घेतलेला गॅस होता. पण सिलिंडर संपला की हाल. रिकामा सिलिंडर बसमध्ये कंडक्टर चढू देत नसे. जीपवाल्याच्या हातापाया पडावं लागे, आणि तिथे जाऊन माल आलेला नसला की रिकाम्या हाताने परत. बाकीच्यांनी आणि मीही तिथे नंबर लावून ठेवले होते. कित्येक वर्षं झाली, कुणाचाच नंबर लागला नव्हता.

नव्वदनंतर चार-पाच वर्षांनी खाजगी कंपन्यांचा गॅस निघाला. अशाच एका कंपनीचा माणूस आमच्या गावात आला. तेलुगू माणूस, पन्नाशीचा, पायजमा आणि खाकी पिशवी. हिंदी हैदराबादी. तो गल्लीच्या तोंडाशी उभा राहून बायकांना समजावत होता आणि मी आतून ऐकत होते.

"एक एक घर को देने को परवडता नइं अम्मा. पंद्रा घरां होना. पंद्रा हुए तो डिपॉझिट बी कम करतूं, और गाडी बी इधरीच भेजतूं."

गल्लीत पुढचे काही दिवस तेवढीच चर्चा. ज्यांच्याकडे आदिलाबादचा गॅस होता तेही म्हणाले, दारात गाडी येत असेल तर आम्ही तिकडचा सोडतो. पुरुषांना फारसं घेणं-देणं नव्हतं. सगळं बायकांनीच चालवलं होतं, आणि पुढे होती माझ्या समोरच्या घरातली काकू. साठीची, सडसडीत, नऊवारी कासोटा, बोलणं थोडं. तिने धुरापायी डोळे खराब करून घेतले होते आणि आता चुलीसमोर बसायचं नाही असं ठरवलं होतं.

एका संध्याकाळी काकू, तिची सून आणि आणखी एक बाई माझ्या ओट्याखाली येऊन उभ्या राहिल्या. मी बाहेर आले.

"बाई, तुमच्याकडं एक काम होतं," काकू म्हणाली. "तो गॅसवाला म्हन्ते का पंधरा घरं पायजेत. चौदा झाले. तुमी घेता काय?"

मी उत्तर द्यायच्या आत तिने पुढचंही सांगून टाकलं.

"आन गाडी गल्लीत शिरत नाई. तुमच्या ओट्यावर टाक्या उतरवल्या त चालन काय? तुमाले तरास होईन, पन दुसरी जागा नाई."

म्हणजे त्यांना माझं नाव हवं होतं आणि माझा ओटा. हे मला तेव्हाही स्पष्ट कळलं. काकूने ते लपवलंही नाही. तरी मी 'हो' म्हणाले, आणि मला आठवतं, किती डिपॉझिट, हप्ता किती, काहीएक विचारलं नाही. त्या गेल्यावर मी ओटा झाडून काढला. गाडी यायला अजून पंधरवडा होता.

गाडी आली त्या दिवशी गुरुवार होता. शाळेतून मी अर्ध्या दिवसाची रजा घेतली. हिरव्या टाक्या माझ्या ओट्यावर रांगेने उभ्या राहिल्या, त्यांच्याजवळ शेगड्यांचे खोके. गल्लीतल्या सगळ्या बायका जमल्या. गॅसवाल्याला शेगडी कशी लावायची ते सगळ्यांना एकदाच दाखवायचं होतं, आणि बाहेर वारा होता. तो सरळ माझ्या खोलीत शिरला आणि म्हणाला, "आओ अम्मा, सब अंदर आओ."

बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मग काकू पायरी चढली. तिच्यामागून सगळ्या आल्या. माझ्या खोलीत तोवर एकावेळी दोन माणसंही कधी आली नव्हती. आता पाय ठेवायला जागा नव्हती. बांगड्यांचा आवाज, डोक्याच्या तेलाचा वास. एकजण भिंतीवरच्या तसबिरीकडे बघत होती, एकजण पुस्तकांकडे. गॅसवाल्याने रेग्युलेटर बसवला, नळी दाखवली, आधी काडी पेटवायची मग बटण फिरवायचं हे दोनदा करून दाखवलं. वास आला तर काय करायचं, काय करायचं नाही, तेही सांगितलं. निळा जाळ निघाला. बायका हसल्या.

"अब चाय रखो अम्मा," तो मला म्हणाला. "पहला चाय होना."

मी मोठ्या पातेल्यात चहा ठेवला. कप पुरणार नव्हते म्हणून स्टीलचे पेले, वाट्या, जे होतं ते काढलं. चहा झाला. पहिला पेला गॅसवाल्याने घेतला आणि फुंकर मारून पिऊ लागला. दुसरा मी काकूपुढे धरला.

"मले आज उपास हाय," काकू म्हणाली.

मग कळलं की सगळ्यांनाच गुरुवारचा उपास होता. कुणी मोठ्याने म्हणालं, कुणी नुसती मान हलवली. उपासाला चहा चालतो हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं आणि मलाही. मी पेला खाली ठेवला. गॅसवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाला, "मेरे को और एक देओ अम्मा." तो तीन पेले प्याला. उरलेला मी संध्याकाळी मोरीत ओतला.

तरी त्या गॅसने माझे दिवस बदलले, हे खरं आहे. गाडी पंधरा दिवसांतून एकदा यायची, आणि वेळेचा नेम नसायचा. ज्यांचा सिलिंडर संपलेला असे त्या सकाळीच रिकामा आणून ओट्यावर ठेवत आणि वाट बघत बसत. सुरुवातीला पायरीवर. मग ओट्याच्या कडेला. मग भिंतीला टेकून. गाडीचा दिवस सहसा रविवारी येई, म्हणून वस्तीतली वंदना आटोपून आले की मी घरीच असे. दार उघडं ठेवून आत काम करत मी त्यांचं बोलणं ऐकायची. कुणाची म्हैस आटली, कुणाच्या सुनेला दिवस गेले, कापसाच्या पैशांचा चुकारा कुणाचा अडला. हळूहळू त्या मलाही विचारू लागल्या. "बाई, तुमाले काय वाटते?" मला कशाबद्दल काय वाटतं हे गावात प्रथमच कुणी विचारत होतं.

खोटं सांगणार नाही, त्यात मला सुखही होतं आणि खंतही. गाडी येऊन गेली की ओटा पाच मिनिटांत रिकामा व्हायचा. टाक्या घरंगळत नेल्याचा आवाज गल्लीत लांब लांब जायचा. मग मी आत येऊन गॅस पेटवायची. तो काहीच आवाज करत नसे. मी एकटीचा स्वयंपाक करायची, माझा सिलिंडर चार-चार महिने पुरायचा. इतरांचे महिन्या-दीड महिन्यात संपत. गाडीच्या दिवशी मला खरं तर काहीच काम नसायचं.

एका उन्हाळ्यात गाडी फार उशीर करत होती. वाट बघणाऱ्या बाकीच्या बायका जेवायला निघून गेल्या. काकू एकटीच बसून होती, पदराने वारा घेत. तिचं घर दहा पावलांवर होतं. ती मला म्हणाली, "बाई, पानी द्या."

मी माठातून पेला भरून आणला. तिने वरून न पिता पेल्याला तोंड लावलं, सगळं प्याली आणि पेला शेजारी ठेवला. गाडी त्या दिवशी आलीच नाही. काकू ऊन उतरेपर्यंत बसली. तिने सांगितलं की मोठा मुलगा बापाशी भांडून बायकापोरांना घेऊन नांदेडला गेला, तेव्हापासून नवरा तिच्याशीही कामापुरतंच बोलतो. "घरात एवढे मानसं हायेत," ती म्हणाली, "पन सकायपासून संद्याकायपावतर माह्याशी 'जेवली काय' एवढंच. तेबी सून इचारते."

"मला तेवढंही कुणी विचारत नाही," मी म्हणाले.

काकूने पदराचा वारा थांबवला. "जेवल्या काय बाई?" तिने विचारलं. मी हसले. तीही थोडी हसली.

त्यानंतर पावसाळ्यात एक प्रसंग झाला. मी वह्या तपासत होते, तेवढ्यात काकूची सून पळत ओट्यावर आली.

"बाई, लवकर या व. घरात गॅसचा वास येऊन राह्यला. आत्याबाई आतच हायेत, निघत नाईत."

मी तशीच चपलेशिवाय निघाले. त्यांचं अंगण, ओसरी, माजघर ओलांडून मी थेट स्वयंपाकघरात गेले. तोवर त्या घराचं दारही मी कधी ओलांडलं नव्हतं. आत वास दाटला होता. काकू शेगडीची बटणं पुन्हा पुन्हा फिरवत होती. मी आधी रेग्युलेटर बंद केला, मग मागचं दार, खिडकी उघडली. देवाजवळ दिवा ठेवलेला होता, पण तेल संपून तो विझला होता. सुनेला सांगितलं, लाइटच्या बटणाला हात लावू नको. काकूचा दंड धरून तिला बाहेर अंगणात आणलं. नळीला उंदराने कुरतडलं होतं.

वास गेल्यावर काकूने मला बाजेवर बसवलं. तिचा नवरा शेतातून आला, सगळं ऐकलं, आणि मला म्हणाला, "लय उपकार झाले बाई तुमचे." सून चहा टाकायला चुलीकडे गेली. तो चहा मी प्याले, त्यांच्या कपातून.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत जाताना उघड्या दारातून पाहिलं तर सून त्यांचं माजघर आणि स्वयंपाकघर शेणाने सारवत होती. सारवण त्या घरी आठवड्यातून एकदा होतच असे. तो सारवणाचाच दिवस होता की नाही, मला माहीत नव्हतं. मी विचारलं नाही. शाळेत जाऊन मुलांना पाढे म्हणायला लावले.

दोनेक वर्षं हे चाललं. मग मंडलच्या गावी, तिकडचं मंडल म्हणजे लहानसा तालुकाच, सरकारी गॅसची एजन्सी निघाली. ज्यांनी कधीकाळी नंबर लावले होते त्यांना कार्डं आली. तिथला गॅस आमच्या गॅसपेक्षा स्वस्त होता, आणि तीनचाकी सायकलवर एक माणूस सिलिंडर घेऊन थेट घराघरात पोचवायचा. त्याची गाडी गल्लीत शिरत होती. आधी दोन घरांनी बदललं, मग पाच, मग सगळ्यांनीच. कुणी कुणाला विचारायची गरज नव्हती. मीही बदललं, कारण एका घरासाठी खाजगी गाडी येणं शक्य नव्हतं.

गॅसवाला शेवटचा आला तो टाक्या परत न्यायला. डिपॉझिट त्याने सगळ्यांचं परत केलं. ओट्यावरच्या रिकाम्या टाक्या गाडीत चढवून झाल्यावर मी त्याला विचारलं, "आता कुठे जाणार?"

"देखेंगे अम्मा. उदर छोटे छोटे गावां हैं." मग तो म्हणाला, "चाय है क्या?"

मी चहा केला. तो ओट्यावर बसून प्याला आणि निघून गेला.

त्यानंतर ओट्यावर कुणी येईनासं झालं. भांडण नाही, रुसवा नाही. बायका रस्त्यात पूर्वीपेक्षा मोकळ्या बोलत, थांबत, हसत. पण बसायला येण्याचं कारण संपलं होतं. पहिल्या काही रविवारी मी सवयीने दार उघडं ठेवलं. चटईही टाकून ठेवली. दुपारी ती गुंडाळून आत घ्यायची.

एकदा काकू विहिरीकडून येताना भेटली, तेव्हा मी विचारूनच टाकलं. "काकू, आजकाल येत नाही तुम्ही."

ती घागर सावरत उभी राहिली. "काम असल्याबिगर कसं याव बाई? कोनी इचारलं, कायले गेली होती, त काय सांगू?"

"काही नाही, बसायला, असं सांगा."

"तुमचं गाव वेगळं असन," ती म्हणाली. "इथं माह्या वयाच्या बाईनं बसाले जाव म्हन्लं त एक त देवळात, नाईतर मयताच्या घरी."

ती खोटं बोलत नव्हती, टाळतही नव्हती. तिच्या दृष्टीने ते तसंच होतं. माझ्या घराविषयीची दुसरी गोष्ट तिने काढली नाही. मीही काढली नाही.

त्या हिवाळ्यात एक दिवस मला शाळेतल्या एका मुलीने सांगितलं, "बाई, तुमच्या ओट्यावर आजी बसून हाये." मधली सुट्टी होती. मी विचारलं, कोणती आजी. तर समोरच्या घरची. शाळा सुटल्यावर मी घाईने घरी आले. ओट्यावर कुणी नव्हतं. पुढच्या दिवसांत ती मुलगी आणखी दोनदा तसंच म्हणाली. काकू दुपारची येत होती, सून शेतात गेली की. मी केव्हा शाळेत असते आणि केव्हा नाही, हे गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होतं. काकूला नक्कीच ठाऊक होतं. मी घरी नसताना तिथे बसलं तर कुणाकडे गेली होती म्हणून कुणी विचारणार नव्हतं.

मी एकदा मुद्दाम मधल्या सुट्टीत घरी यायचं ठरवलं. शाळेच्या फाटकापर्यंत आले आणि परत फिरले. मी दिसले असते तर ती उठून गेली असती, असं मला वाटलं. ते बरोबर होतं की चूक, अजूनही सांगता येत नाही. ती माझ्याकडे येत होती आणि मी शाळेत बसून होते, असे ते दिवस गेले.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली, मुधोळच्या बाजूला. मी स्वतःच अर्ज केला होता. भावाच्या मुली मोठ्या झाल्या होत्या आणि त्यातल्या एकीला शिकायला माझ्याकडे ठेवायचं चाललं होतं. सामान बांधून झालं. जाण्याच्या आदल्या संध्याकाळी मी समोरच्या घरी सांगायला गेले. काकू अंगणात तूर पाखडत होती. मी दारातच उभी राहिले.

"उद्या चालले मी काकू."

तिने सूप खाली ठेवलं. "लय लांब हाय काय?"

"बसने दिवस जातो."

"सोबत कोन राह्यन?"

"भाची येईल जून महिन्यात. तोवर कुणी नाही."

ती गुडघ्यावर हात टेकत उठली. मग म्हणाली, "थांबा," आणि आत गेली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात तांदळाची वाटी, कुंकवाची कोयरी आणि खणाचा कपडा होता. मी लग्न न झालेली, त्यात बौद्ध. आमच्यात ओटी भरत नाहीत. तिला हे माहीत होतं की नाही कोण जाणे. बाहेर येऊन तिच्या सुनेनेही पाहिलं आणि ती दाराला टेकून उभी राहिली. काकूने कोयरीकडे बघितलं, काय वाटलं कुणास ठाऊक, ती खाली ठेवली आणि नुसते तांदूळ आणि खण माझ्या पदरात घातले.

"पोचल्यावर कार्ड टाका," ती म्हणाली. "सून वाचून दाखवन."

मी कार्ड टाकलं. उत्तर आलं ते सुनेच्या हातचं, चार ओळींचं, सगळे ठीक आहेत म्हणून. मी दुसरं टाकलं, त्याला उत्तर आलं नाही. जूनमध्ये भाची येणार होती ती आली नाही, तिचं लग्न ठरलं. नव्या गावात घर चांगलं मिळालं, दोन खोल्या, पुढे व्हरांडा. गॅसचं कार्ड बदलून घ्यायला थोडे दिवस लागले, तेवढ्या दिवसांसाठी मी पेटीतून स्टो काढला. वॉशर सुकलं होतं, तेल लावून बसवलं, तेव्हा तो पेटला, आणि दोन्ही खोल्यांत त्याची फरफर ऐकू आली.